गोधडीच्या पोटातला इतिहास : वऱ्हाडातलं एक न लिहिलेलं साधन

वऱ्हाडात कापूस पिकतो. गेली दीडशे वर्षं तरी अमरावती-अकोल्याचं नाव कापसाशिवाय कोणी घेतलेलं नाही. मग इथल्या साध्या शेतकऱ्याच्या घरातल्या गोधडीत कापूस का नसतो? उसवलेल्या कोपऱ्यातून आत डोकावून बघा. लुगड्याचे तुकडे, धोतराचं पान, पोराचा जुना सदरा, कधी पोत्याच्या आतलं कापड. रुई सहसा नाहीच. पांढऱ्या सोन्याच्या मुलखातलं पांघरूण चिंध्यांचं, ही गोष्ट आपल्या इतकी सवयीची आहे की तिच्यात प्रश्न आहे हेच लक्षात येत नाही.

पेटची तयारी करणारी, सिनॉप्सिस लिहिणारी मुलं-मुली हमखास एक तक्रार करतात : विषय आवडलाय, पण साधनं नाहीत. बायकांचा इतिहास लिहायचाय, पण बायकांनी कागद ठेवले नाहीत. शेतमजुरांचा लिहायचाय, पण त्यांच्या घरात दप्तरच नाही. ही तक्रार अर्धी खरी आहे. कागद नाहीत हे खरं. साधन नाही हे खरं नाही. आज त्यातल्या एका साधनाबद्दल लिहिते, गोधडीबद्दल. आपल्याकडे तिलाच वाकळ म्हणतात, आणि अस्सल वऱ्हाडी तोंडातून ती ‘वाकय’ होऊन बाहेर पडते.

आधी तो कापसाचा प्रश्न. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेना आणि भाव कडाडले. 1867 पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचला होता. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो तो कापसासाठी, हे ध्यानात ठेवा. त्याच सुमारास रिव्हेट-कार्नॅक नावाचे अधिकारी ‘कॉटन कमिशनर’ म्हणून मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या कापसाचे अहवाल लिहीत होते. पेरा किती, गाठी किती, प्रत कशी, सगळं त्यात आहे.

म्हणजे शेतातली रुई ही घरातली वस्तू राहिली नव्हती, ती रोकड होती. सारा नगदीत भरायचा, सावकाराचं देणं नगदीत फेडायचं, आणि नगद देणारं पीक एकच, पऱ्हाटी. वेचलेला कापूस बाजाराला जायचा आणि त्याच गाडीमार्गानं मिलचं कापड परत यायचं. घरात उरायचं ते वापरून झिजलेलं कापड. शिवाय रुईची गादी करायची तर पिंजारी लागतो, त्याची मजुरी लागते. चिंधीला मजुरी नाही.

याला एक तांत्रिक कारणही आहे, ते इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाही. रुई भरलेली दुलई पाण्यात घातली की रुईचे गोळे होतात, ती पुन्हा पिंजावी लागते. थरावर थर रचून धावदोऱ्यानं शिवलेली गोधडी नदीवर नेऊन आपटून धुता येते, वाळवता येते. लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी माणूस ज्या घरात आहे तिथे हे फार मोठं काम आहे. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा. हवा उष्णतेची वाईट वाहक आहे, आणि धावदोरा तिला फार हलू देत नाही. गरिबीतून आलेली वस्तू म्हणून तिच्याकडे बघणाऱ्यांनी तिच्या बांधणीकडेही जरा बघावं.

ढोबळ हिशोब करू. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर लांब आणि सव्वा वार पन्हा धरला तर एक मीटरहून थोडं जास्त रुंद, म्हणजे नऊ चौरस मीटर कापड. सहा फूट बाय चार फुटांच्या गोधडीचा एक थर सव्वादोन चौरस मीटरचा. एका लुगड्यात चार थर निघतात, अर्थात लुगडं धड असेल तर. आणि दीड-दीड सेंटिमीटरवर टाक्यांची ओळ धरली, सेंटिमीटरला एक टाका धरला, तर एका गोधडीत चौदा हजारांच्या वर टाके होतात. मी हा आकडा कागदावर मांडला तेव्हा आधी गुणाकार पुन्हा तपासला. शेतीची कामं आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या दुपारी, दोघी-तिघी मिळून हे टाके घालणार. हे श्रम कुठल्याच मजुरीच्या तक्त्यात नाहीत.

कागदपत्रांत गोधडी का सापडत नाही, याचं एक कारण तर थेट कायद्यात आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघा. ऋणकोची कोणती मालमत्ता जप्त करता येत नाही याची यादी तिथे आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण आहे. सावकारी आणि जप्तीच्या कागदांवरून शेतकऱ्याच्या घरात काय काय होतं हे आपण शोधतो, तर त्या कागदांतून गोधडी कायद्यानेच वगळलेली. दप्तरात एखादी गोष्ट नाही यावरून ती घरात नव्हती असं म्हणता येत नाही, हे आपल्याला पद्धतीच्या पेपरात शिकवतात. त्याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

कोणाचं कापड?

गोधडीवर मराठीत जे लिहिलं-बोललं जातं त्यात एक हळवा सूर असतो. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, मामानं घेतलेला फ्रॉक, सगळं एकत्र शिवलेलं. माणूस गेला तरी त्याची ऊब राहते. हे खोटं मुळीच नाही. माणूस गेल्यावर त्याचे बाकीचे कपडे वाटून टाकले आणि एक लुगडं मात्र ठेवून घेतलं, पुढे ते नातवाच्या अंथरुणात शिवलं, असं तुमच्या-माझ्या घरी झालेलं आहे. जनाबाईची आख्यायिकाही आठवा : तिच्या घरी दळायला आलेला विठ्ठल पहाटे घाईत निघाला तो स्वतःचा शेला टाकून तिची वाकळ पांघरून. देवाच्या अंगावर दासीची वाकळ ही कल्पना लोकांना इतकी आवडली की ती शतकानुशतकं कीर्तनांतून सांगितली गेली.

पण संशोधक म्हणून इथे थांबलो तर आपण अर्धंच लिहिलं. मेलेल्या माणसाचं कापड प्रत्येक घरात आठवण म्हणून येत नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताची वस्त्रं वापरावीत असं सांगितलेलं आहे. गावगाड्यात प्रेतावरच्या कापडावर महारांचा ‘हक्क’ मानला जाई. हक्क हा शब्द इथे फसवा आहे, कारण तो सोडून देण्याची मुभा नव्हती. म्हणजे एकाच गावात, एकाच मृत्यूनंतर, एका घरात लुगडं आठवण म्हणून ठेवलं गेलं आणि दुसऱ्या घरात प्रेतावरचं कापड जातीचा शिक्का म्हणून आलं. दोन्ही घरांत ते पुढे वाकळीत शिवलं जाऊ शकत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीचे धागे सारखेच दिसतील.

1927 साल या दृष्टीने बघण्यासारखं आहे. मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस आणि मागून आणलेलं उष्टं सोडायला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ते अमरावतीला आले, अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. डिसेंबरमध्ये पुन्हा महाड, आणि तिथे बायकांच्या सभेत त्यांचं बोलणं कपड्यांवर होतं : लुगडं कसं नेसावं, कपडा फाटका असला तरी स्वच्छ कसा ठेवावा. अनेकांना हा मुद्दा किरकोळ वाटतो. कोणत्या कपड्यावरून कोणाची जात ओळखली जाते हे ज्यांना माहीत होतं त्यांना तो किरकोळ वाटला नसणार.

म्हणून मुलाखत घेताना ‘हे कोणाचं कापड?’ एवढं विचारून भागत नाही. ‘हे घरात आलं कसं?’ हेही विचारावं लागतं. घरात झिजलं, मालकाच्या वाड्यावरून मिळालं, लग्नात आहेर म्हणून आलं, की मयतीतून आलं. पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला कधी कधी शांतता मिळते, आणि ती शांतताही टिपून ठेवायची असते.

गोधडे महाराज

या दोन्ही बाजू ज्याच्या अंगावर एकत्र होत्या असा एक माणूस वऱ्हाडात होऊन गेला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. आजोळ मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे. जात परीट, म्हणजे दुसऱ्यांचे कपडे धुणाऱ्यांची. 1905 मध्ये घर सोडलं आणि अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र घातलं, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, हातात खराटा आणि गाडगं. पुढे गाडग्यावरून ते गाडगेबाबा झाले, पण काही ठिकाणी लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, काही ठिकाणी चिंधेबुवा.

गाडगेबाबांवर गो. नी. दांडेकरांनी लिहिलं (गोनीदांचा जन्म परतवाड्याचा), प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलं. त्यांचा खराटा सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं असं की त्यांची चिंधी तेवढ्याच गांभीर्याने वाचायला हवी. ज्या समाजाचं काम दुसऱ्याचं कापड स्वच्छ करून परत देणं, त्यातला माणूस दुसऱ्यांनी टाकलेलं कापड आपला पोशाख म्हणून निवडतो, आणि मग गोळा झालेलं सगळं वाटून टाकतो. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन आहे. पौषात, ऐन थंडीत, तिथे यात्रा भरते. या यात्रेत बाबांनी घाटाची सफाई केली, आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना अन्न आणि कपडे वाटले. त्यांच्या नावानं सांगितल्या जाणाऱ्या दहा कामांत उघड्यांना कपडा देणं भुकेल्यांच्या अन्नाच्या आणि तहानलेल्यांच्या पाण्याच्या पाठोपाठ येतं.

त्यांच्या धर्मशाळांकडेही मी याच अंगाने बघते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी उभारली ती ज्यांना दुसऱ्या धर्मशाळेत अंथरूण टाकू देत नव्हते त्यांच्यासाठी, आणि 1949 मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मुंबईत उपचारासाठी गावाकडून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना टेकायला जागा हवी म्हणून तिथेही धर्मशाळा झाल्या. दवाखान्याच्या दारात रात्र काढणाऱ्या माणसाला काय लागतं? जेवण आणि अंथरूण. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच बाबा गेले. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या डिग्रीवर ते छापून येणार आहे.

त्याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1940 च्या दशकात कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. तिथले रुग्ण हातमागावर कापड, सतरंज्या विणत. कोणाच्या हाताचं अंथरूण कोण अंगाखाली घेतं, हा प्रश्न तिथेही होताच, फक्त जातीच्या जागी रोगाचं भय होतं. यावर स्वतंत्र काम होऊ शकतं, विषय शोधणाऱ्यांनी लिहून ठेवा.

धागा काय सांगतो

मी मूळची रसायनशास्त्राची, त्यामुळे मला नेहमी विचारतात की गोधडीचं वय प्रयोगशाळेत काढता येत नाही का. पहिला प्रश्न ‘कार्बन डेटिंग’ असतो. उत्तर : फारसा उपयोग नाही. साधारण 1650 ते 1950 या काळासाठी कार्बन-14 ची आलेखरेषा इतकी वरखाली होते की एका नमुन्याची चार-चार शक्य वयं निघतात. गंमत म्हणजे 1955 नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-14 एकदम वाढला, त्यामुळे त्यानंतरचं कापड बरंच नेमकं सांगता येतं. पण 1970 ची गोधडी 1970 ची आहे हे सांगायला घरातली आजी पुरेशी असते.

त्यापेक्षा साध्या गोष्टी बघा. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा गुळगुळीत काडीसारखा. सुटून आलेला एक धागा ज्योतीला लावला तर कापूस जळक्या कागदासारखा वास देतो आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिएस्टरचं पेटंट 1941 चं, आणि आपल्या घरांत टेरीन-टेरीकॉट रुळलं ते 1960-70 च्या दशकांत. म्हणजे ज्या थरात टेरीकॉट आहे तो थर त्याआधीचा असूच शकत नाही. काठावर मिलचा छाप शिल्लक असेल तर नशीबच, अकोल्याची सावतराम मिल किंवा अचलपूरची विदर्भ मिल कापडावर वाचायला मिळाली तर तो कागदी पुराव्याच्या तोडीचा पुरावा आहे. रंगांत अडचण जास्त. कारखान्यात बनलेली नीळ 1897 पासून बाजारात आली, पण झाडाची नीळ आणि कारखान्याची नीळ यांचा रेणू एकच, त्यामुळे साध्या तपासणीत फरक कळत नाही.

आणि मुख्य गुंता असा की गोधडी एकदा शिवून संपत नाही. वरचं कापड विरलं की त्यावर नवं चढतं. ठिगळ लागतं. जुनी गोधडी नवीच्या पोटात जाते. उत्खननात खालचा थर जुना असतो, इथे मधला. सगळ्यात नव्या थरावरून फक्त शेवटची शिवण केव्हाची ते कळतं.

मग उसवून बघावं का? माझं उत्तर ठाम नाही असं आहे. फाटलेला कोपरा, विरलेली कड, भिंगातून दिसणारे धागे, फोटो, आणि घरच्या बाईचं बोलणं एवढ्यावर काम भागवायचं. टाके हाच तिथला मजकूर आहे, ते तोडले की वाचायला काही उरत नाही. दुसरं कारण जास्त जड आहे. 2006 मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांसाठी जे खास पॅकेज जाहीर केलं त्या सहा जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. या भागात फिरताना तुम्ही ज्या घरात गोधडीबद्दल विचाराल, तिथे आतला एखादा सदरा कोणाचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं. सह्यांचा संमतीचा फॉर्म त्यासाठी पुरत नाही. त्या घरात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं लागतं, आणि काही वेळा वही न उघडता परत यावं लागतं. गाईडला सांगायला आकडा कमी भरेल, भरू द्या.

बाहेरच्या जगात याला समांतर उदाहरणं आहेत, आणि तुलनेत आपल्या गोधडीचं वेगळेपण नीट दिसतं. 11 ऑक्टोबर 1987 ला वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत एक प्रचंड गोधडी अंथरली गेली, 1,920 तुकड्यांची. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा, आणि बहुतेकांवर नाव. ज्यांचं नाव घ्यायला लोक कचरत होते त्यांचं नाव मोठ्या अक्षरात शिवणं हाच त्यामागचा हेतू. बंगालमध्ये मानदासुंदरी नावाच्या बाईने एकोणिसाव्या शतकात वडिलांसाठी केलेली कांथा आहे, कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयातली. तिच्यावर अर्पणाची अक्षरं टाक्यांनी काढलेली आहेत. आपल्या वाकळीवर अक्षर नाही. शिवणाऱ्या बहुतेकींना ते येत नव्हतं. त्यामुळे कोणता तुकडा कोणाचा हे फक्त तोंडी असतं, आणि दोन पिढ्यांत ते पुसलं जातं. वस्तू राहते, तिची किल्ली जाते.

आता ती वस्तूही कमी होत चाललीय, आणि त्याचं कारण नुसतं ‘आधुनिकता’ म्हणून सोडून देता येणार नाही. जुन्या लुगड्याला दारात गिऱ्हाईक आलं. बोहारीण जुने कपडे घेते आणि स्टीलचं भांडं देते. म्हणजे गोधडी शिवायला कापड बाजूला काढणारी बाई एक डबा किंवा दोन वाट्या सोडत होती. त्यात साड्या पॉलिएस्टरच्या झाल्या. त्या घाम शोषत नाहीत, थरात सरकतात, त्यामुळे आताच्या गोधडीत पॉलिएस्टर पोटात जातं आणि सुती कापड अंगाला लागेल असं बाहेर ठेवतात. अमरावतीत हिवाळ्यात बसस्टँडवर, दवाखान्यासमोर ब्लँकेटवाटप होतं, फोटो निघतात. अशा वाटपातली पुष्कळशी स्वस्त ब्लँकेटं पानिपतची असतात, आणि पानिपतमध्ये ती होतात कशी, तर परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, पुन्हा कातून. कोणाच्या तरी अंगावरचं जुनं कापड दुसऱ्या कोणाला ऊब देतंय, एवढं अजूनही तसंच आहे. ते कोणाचं होतं, हे मात्र तिथे विचारायला कोणीच नाही. आपल्याकडच्या वाकळीबाबत ते सांगू शकणाऱ्या बायका अजून आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. मे महिन्यात, दुपारी, त्या रिकाम्या असतात.